दुसऱ्या बाकाचा पाय

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर मिस्त्रींनी हातोडी, पटाशी, छोटी करवत आणि सरसाचा डबा एकेक करून उशीच्या अभ्र्यात भरला, अभ्र्याचं तोंड सुतळीने बांधलं आणि तो खांद्यावर टाकला. तेवढ्यात त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली.

"कुठे निघालात?"

"जरा बाहेर."

"उशी घेऊन?"

मिस्त्री सुतारकामात वाकबगार होते, पण खोटं बोलण्यात अगदीच कच्चे. त्यातून आजचं काम असं होतं की त्याच्यासाठी खोटं बोलणं शोभलं नसतं. "परत आणतो," एवढंच ते म्हणाले आणि चपला सरकवून बाहेर पडले. हत्यारांची त्यांची नेहमीची पिशवी सगळ्या गल्लीला ओळखीची होती. तिच्यावर तांबड्या रंगात त्यांचं नाव होतं, दोन्ही बाजूंनी. ती घेऊन गुपचूप कुठे जाणं शक्यच नव्हतं.

या सगळ्याचं मूळ मागच्या रविवारच्या उपदेशात होतं. पाळकसाहेबांनी सांगितलं होतं की या आठवड्यात प्रत्येकाने एक तरी चांगलं काम असं करावं, की ते करणाऱ्याला आणि प्रभूला सोडून तिसऱ्या कोणाला कळू नये. हे बोलताना पाळकसाहेब छताकडे बघत होते, असं मिस्त्रींचं म्हणणं. ते सरळ तुमच्याकडेच बघत होते, असं बायकोचं.

मिस्त्री माणूस वाईट नव्हते. कोणाची खिडकी अडली, कोणाच्या पाळण्याचा दांडा निखळला, की बोलावण्याची वाट न पाहता जायचे. पण काम झालं की ते चार जणांना सांगितल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी व्यासपीठावर पुस्तक ठेवायचा लाकडी स्टँड करून दिला होता. त्या स्टँडचा उल्लेख त्यानंतर लग्नांत झाला, बारीकसारीक वाढदिवसांत झाला आणि एकदा तर एका अंत्यविधीच्या वेळीही झाला. "गेलेल्या आजोबांना माझा स्टँड फार आवडायचा," असं मिस्त्री भरल्या गळ्याने म्हणाले होते. शिवाय केलेल्या प्रत्येक वस्तूच्या खालच्या अंगाला पेन्सिलीने स्वतःचं नाव आणि तारीख लिहायची त्यांना सवय होती.

त्या रविवारी घरी परतताना बायको म्हणाली होती, "बाकी सगळं जमेल हो तुम्हाला. हे नाही जमायचं."

"न जमायला काय झालं?"

"काही नाही. एकेकाचा स्वभाव असतो."

तो 'स्वभाव' मिस्त्रींना आठवडाभर टोचत राहिला. आणि शुक्रवारपर्यंत त्यांचं ठरलं. दुसरा बाक.

चर्चमध्ये डावीकडचा दुसरा बाक दोन वर्षं डुगडुगत होता. त्यावर पाच बायका बसायच्या आणि त्यांतली एक प्रार्थनेला उठली की उरलेल्या चौघी होडीत बसल्यासारख्या पुढे झुकायच्या. समितीत हा विषय दोनदा निघाला आणि दोनदा बारगळला, कारण मिस्त्रींना सांगायचं म्हणजे पुढची दहा वर्षं ऐकायचं. बाक परवडला, असं सगळ्यांचं मत पडलं.

दुपारी दोन ते चार पाळकसाहेब आणि पाळकबाई झोपतात हे मिस्त्रींना ठाऊक होतं. त्यांचं घर चर्चच्या मागेच होतं. मिस्त्री बाजूच्या दाराने आत शिरले, बाक उलटा केला आणि कामाला लागले. आवाज होऊ नये म्हणून हातोडीला रुमाल गुंडाळला. मागच्या पायाचं वरचं टोक आतून कुजलं होतं. त्यांनी तो भाग तिरका कापून काढला, नवं लाकूड जोडलं, आतून दोन खुंट्या ठोकल्या, सरस भरला, पाचर बसवली. असा सांधा त्यांनी मुलीच्या लग्नातल्या पलंगालासुद्धा घातला नव्हता.

काम संपलं आणि हात आपोआप कानामागच्या पेन्सिलीकडे गेला. 'मि' लिहून झाल्यावर ते दचकले. त्यांनी घाईघाईने पॉलिश पेपर काढला आणि लाकूड पांढरं पडेपर्यंत घासलं. पेन्सिल जरा दाबून चालली होती, त्यामुळे खोलगट रेघ तेवढी राहिली. पण बाकाच्या पोटाखाली कोण बघायला जातंय?

इतक्यात पुढच्या दाराशी पावलं वाजली. मिस्त्रींनी बाक सरळ केला, हत्यारं आणि कापून काढलेला तुकडा अभ्र्यात कोंबला आणि बाजूच्या दाराने ते सटकले. भुसा तसाच राहिला.

आत आले ते कंपाउंडर. दवाखान्यातून निवृत्त होऊन त्यांना पाच वर्षं झाली होती, पण नाव तेच राहिलं होतं. दर शनिवारी येऊन ते गीतांची पुस्तकं बाकांवर मांडून ठेवायचे. मिस्त्रींना हा माणूस कधीच आवडला नव्हता आणि त्याचं कारण ते कोणाला सांगू शकत नव्हते. वीस वर्षांपूर्वी कंपाउंडरांनी त्यांना इंजेक्शन द्यायला सुई हातात घेतली, आणि सुई दंडाला लागायच्या आधीच मिस्त्री जमिनीवर आडवे झाले होते. ही गोष्ट कंपाउंडर गावभर करतील म्हणून मिस्त्री महिनाभर घराबाहेर पडायला कचरत होते. कंपाउंडरांनी ती कोणालाच सांगितली नाही. वीस वर्षं सांगितली नाही. अशी गोष्ट हाती असून माणूस गप्प बसतो म्हणजे काय, हे मिस्त्रींना कळत नव्हतं आणि तेच त्यांना सहन होत नव्हतं.

खिडकीतून त्यांनी डोकावून पाहिलं. कंपाउंडर भुशाकडे बघत उभे होते. मग त्यांनी कोपऱ्यातला झाडू आणला आणि शांतपणे झाडायला सुरुवात केली. आयतीच सोय झाली, असं मनाशी म्हणत मिस्त्री घरी गेले. संध्याकाळी जेवताना ते मोठ्या कष्टाने गप्प राहिले.

रविवारी पाचही बायका सवयीप्रमाणे पुढच्या बाकाची पाठ घट्ट धरून बसल्या. काहीच हललं नाही. त्या बाकावर आत्याबाई बसायच्या, एकेकाळच्या मुख्याध्यापिका आणि आता समितीच्या चिटणीस. पहिल्या गीताला त्या उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. तिसऱ्यांदा त्या जरा जोरातच बसल्या. बाक ढिम्म. शेजारणींमध्ये कुजबुज सुरू झाली ती उपदेश संपेपर्यंत थांबली नाही.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "हा बाक कोणी दुरुस्त केला?"

मिस्त्री आपल्या बुटांकडे बघत बसले. आपण होऊन सांगायचं नाही, हे पक्कं होतं. पण लोकांनी आपण होऊन ओळखलंच, तर त्याला आपला नाइलाज आहे, अशी एक पळवाट त्यांनी रात्रीच शोधून ठेवली होती. सकाळी आरशासमोर 'छे, त्यात काय एवढं' हे वाक्य दोन-तीन तऱ्हांनी म्हणूनही पाहिलं होतं.

"मी सांगते," पाळकबाई म्हणाल्या. "काल चारच्या सुमाराला मी खिडकीतून बघितलं. कंपाउंडर भुसा झाडत होते."

सगळ्या माना वळल्या. कंपाउंडर उठून उभे राहिले. "मी फक्त झाडलं," ते म्हणाले. "बाकाला मी हातसुद्धा लावलेला नाही."

"मग भुसा आला कुठून?" आत्याबाईंनी शाळेतल्या आवाजात विचारलं.

"ते मला माहीत नाही. होता."

लोक कौतुकाने हसले. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "मागच्या रविवारी मी जे सांगितलं, ते एकाने तरी मनावर घेतलं," ते म्हणाले.

"अहो, लाकडाचं काम आहे," कंपाउंडर काकुळतीला आले. "मिस्त्रींना विचारा. त्यांनीच केलं असेल."

मिस्त्री सावरून बसले. त्यांनी चेहऱ्यावर नम्र भाव आणायला सुरुवात केली.

"मिस्त्रींनी?" आत्याबाई म्हणाल्या. "मिस्त्रींनी शनिवारी केलं असतं, तर ते आपल्याला त्याआधीच्या सोमवारीच कळलं असतं."

सगळं चर्च खळखळून हसलं. सगळे हसतात म्हणून मिस्त्रीही हसले. चेहऱ्यावर आणलेला नम्र भाव मात्र कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

पुढचे दिवस मिस्त्रींना फार जड गेले. ज्याला त्याला त्यांच्याशीच बाकाबद्दल बोलायचं होतं, कारण लाकडातलं कळणारे तेवढेच एक. मंगळवारी तर आत्याबाईंनी त्यांना मुद्दाम चर्चमध्ये बोलावून घेतलं.

"तुम्ही जाणकार. काम कसं झालंय ते सांगा."

मिस्त्रींनी सांध्यावरून बोट फिरवलं. नावं ठेवावी तर जीभ वळेना आणि वाखाणावं तर आपलेच आपण. "सांधा चांगला बसलाय," ते शेवटी म्हणाले.

"चांगला की उत्तम?"

"उत्तम."

"बघा, तुम्हालासुद्धा मान्य करावं लागलं," आत्याबाई म्हणाल्या. "राग मानू नका, पण तुमच्या त्या स्टँडला अशी सफाई नाही."

मिस्त्री घरी आले ते कानशिलं तापवूनच. त्यांच्या एका कामाने त्यांच्याच दुसऱ्या कामाला मागे टाकलं होतं आणि कौतुक तिसऱ्याच माणसाच्या घरी गेलं होतं. बायको भांडी लावत होती. तिच्याकडे बघून त्यांनी तोंड उघडलं.

"काय म्हणत होतात?"

"काही नाही," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

बुधवारी सकाळी कंपाउंडर स्वतःच त्यांच्या घरालगतच्या कारखान्यात आले. उजव्या हाताचा अंगठा बांधलेला होता. बँडेज मात्र फार सुरेख बांधलं होतं.

"बसा," मिस्त्री तुटकपणे म्हणाले.

कंपाउंडर एका ओंडक्यावर टेकले. "मिस्त्री, मी पार अडकलोय. तो बाक मी केलेला नाही. हे मी आतापर्यंत तेरा जणांना सांगितलं. जितकं सांगतो तितका माझा मान वाढतोय. काल पाळकसाहेब म्हणाले, नम्रतेचाही अतिरेक नसावा."

"मग?"

"आता त्यांनी मला व्यासपीठाची पायरी नीट करायला सांगितली आहे. ती हलते ना, दर रविवारी ते अडखळतात. नाही म्हणालो तर पाळकबाई म्हणाल्या, इतकंही परकं समजू नका आम्हाला. म्हणून काल घरी एक खिळा ठोकून बघितला." त्यांनी अंगठा वर केला. "मला शिकवा तरी. नाहीतर तुम्हीच करा माझ्यासाठी. पण कोणाला कळू देऊ नका."

मिस्त्री हातातला रंधा ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. सगळं सांगून टाकायची याहून चांगली संधी मिळणार नव्हती. पण तोंडून निघालं ते भलतंच.

"त्या इंजेक्शनचं तुम्ही कोणाला सांगितलंत का?"

"कुठलं इंजेक्शन?"

"मी पडलो होतो ते."

कंपाउंडरांना आठवायला वेळ लागला. "हां, ते होय. त्यात सांगण्यासारखं काय आहे? चांगले पैलवान पडतात हो."

वीस वर्षं मिस्त्रींच्या मनावर असलेला दगड, या माणसाला तो आठवतसुद्धा नव्हता. मिस्त्रींना एकदम हलकं वाटलं आणि थोडं ओशाळल्यासारखंही. "उद्या दुपारी चर्चमध्ये या," ते म्हणाले. "पाळकसाहेब आणि बाई आजाऱ्यांना भेटायला जातात तेव्हा."

गुरुवारी कंपाउंडर वेळेवर हजर होते. त्यांनी आधी स्वतःचे हात साबणाने धुतले, मग मिस्त्रींची हत्यारं धुतली आणि ती एका स्वच्छ फडक्यावर रांगेत मांडली. मिस्त्रींनी पटाशी मागितली की ते रंधा द्यायचे आणि रंधा मागितला की करवत, पण द्यायचे ते इतक्या अदबीने की ओरडताही येत नव्हतं.

"सरस किती घालू?"

"फासा भरपूर."

"भरपूर म्हणजे किती थेंब?"

"थेंब नाही हो कंपाउंडर. लाकूड आहे ते, त्याला खोकला झालेला नाही."

कंपाउंडर हसले. मिस्त्रींच्या लक्षात आलं की या माणसाला हसताना आपण पहिल्यांदाच नीट बघतोय.

सांधा जुळत आला तसे कंपाउंडर वाकून बघू लागले. मग ते उठून दुसऱ्या बाकाकडे गेले, खाली बसून त्याचा पाय त्यांनी निरखला आणि परत आले. "हा सांधा तसाच आहे," ते म्हणाले.

"सांधे असेच असतात."

कंपाउंडरांनी क्षणभर मिस्त्रींकडे पाहिलं. "बरं," ते म्हणाले, आणि पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. मिस्त्री आतल्या आत त्यांनी आणखी एकदा विचारावं म्हणून वाट बघत होते.

पायरी झाली. एकत्र बाहेर पडलो तर कोणाला संशय येईल, म्हणून मिस्त्री आधी निघाले. कंपाउंडर भुसा झाडायला मागे थांबले. आणि झाडू हातात असतानाच पाळकबाई दारात आल्या.

शुक्रवारी आत्याबाई मिस्त्रींच्या घरी हजर झाल्या. "रविवारी उपासनेनंतर कंपाउंडरांचे जाहीर आभार मानायचे आहेत. चार शब्द तुम्ही बोला. त्या कामातलं कळणारे तुम्हीच आहात. आणि दोन मिनिटं बोला. तुमची दोन नाहीत, घड्याळातली."

नाही म्हणायला मिस्त्रींनी श्वास घेतला. पण आत्याबाई पुढे म्हणाल्या, "कंपाउंडरांनीच तुमचं नाव सुचवलंय. म्हणाले, बोलायचंच असेल कोणी तर मिस्त्रींनीच बोलावं." मिस्त्रींनी मान डोलावली.

रविवारी पाळकसाहेब न अडखळता व्यासपीठावर चढले, तेव्हा मंडळीने एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. उपासनेनंतर कंपाउंडरांना पुढे बसवण्यात आलं. दात काढायला आणलेल्या माणसासारखे ते खुर्चीच्या कडेवर बसले होते. मिस्त्री उठले. सुरुवात त्यांनी घरून पाठ करून आणली होती आणि ती चांगली झाली. सेवा करावी तर अशी, वगैरे. मग ते कामाकडे वळले आणि तिथे त्यांचा पाय घसरला.

"तुम्हाला वरून तो बाक साधा दिसतो," ते रंगात येऊन सांगू लागले. "पण पायाचं टोक आतून कुजलेलं होतं. दुसरा कोणी असता तर पट्टी मारून मोकळा झाला असता. इथे तिरका काप घेतलाय. का, तर भार सगळीकडे सारखा जावा. नवं लाकूड जुन्याच्या रेषेत रेष मिळवून बसवलंय. आत दोन खुंट्या आहेत. एक जरा आखूड, कारण तिथे गाठ होती आणि गाठीत गिरमिट फिरेना—"

"मिस्त्री," आत्याबाईंनी मध्येच विचारलं, "आतली खुंटी आखूड आहे हे तुम्हाला बाहेरून कसं दिसलं?"

मिस्त्री थांबले. समोर पाळकसाहेब, बाजूला व्यासपीठ, हातात आभाराच्या भाषणाचा कागद. अशा ठिकाणी उभं राहून खोटं बोलणं त्यांच्याच्याने होईना.

"मी घातली म्हणून," ते म्हणाले. "बाक मी केलाय."

लोकांनी खाली माना घातल्या. लहान मुलाने पाहुण्यांसमोर काही भलतंच बोलावं आणि सगळ्यांनी ऐकू न आल्यासारखं करावं, तशी ती शांतता होती. पहिल्या रांगेतल्या एका बाईने मिस्त्रींच्या बायकोचा हात हळूच दाबला.

कंपाउंडर ताडकन उठले. "ते खरं बोलताहेत. बाक त्यांनीच केला. पायरीसुद्धा त्यांनीच केली. मी तर फक्त—"

"झाडलं," सगळी मंडळी एका सुरात म्हणाली.

"बघा," पाळकसाहेबांचा आवाज कापरा झाला. "दुसऱ्याची लाज राखायला माणूस स्वतःचं कामसुद्धा देऊन टाकतो."

"बाक उलटा करा," मिस्त्री म्हणाले. आता त्यांनाही राहवेना. "मागाल तो पुरावा मिळेल."

चार जणांनी बाक उलटा केला. सगळे जमा झाले. आत्याबाईंनी चष्मा नाकावर सरकवला आणि वाकून बघितलं. लाकडावर एक जागा घासून पांढरी झाली होती आणि तिच्यात, तिरप्या उजेडात अगदी स्पष्ट, एक खोलगट 'मि' होता. तो 'मि' बघून मिस्त्रींना हायसं वाटलं. आत्याबाईंना मात्र वेगळंच वाटलं.

"म्हणजे तुम्ही आधीच बाक उलटा करून बघितला होता," त्या सावकाश म्हणाल्या. "म्हणून खुंट्या ठाऊक. यांच्या कामावर आपलं नाव घालायला गेलात, आणि मग मन खाऊ लागलं म्हणून खोडून टाकलंत." त्यांनी मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. "खोडलंत, हे महत्त्वाचं. बसा आता."

मिस्त्री बसले. शेजारच्या खुर्चीवर कंपाउंडर हताश होऊन बसले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. टाळ्या कंपाउंडरांसाठी वाजल्या आणि त्या बराच वेळ वाजत राहिल्या.

घरी जाताना अर्धा रस्ता मिस्त्री वाटेतले खडे बुटाने उडवत चालले. मग म्हणाले, "तुलाही खोटंच वाटलं असेल."

"मला गेल्या रविवारपासूनच माहीत आहे," बायको म्हणाली.

मिस्त्री जागच्या जागी उभे राहिले. "कसं?"

"आदल्या संध्याकाळी तुम्ही एक अक्षर न बोलता जेवलात. तीस वर्षांत पहिल्यांदा. आधी वाटलं ताप आला. मग रविवारी तो बाक हलला नाही तेव्हा कळलं."

"मग मघाशी उठून सांगायचं ना."

"सांगून काय झालं असतं? नवऱ्याची बाजू घेते म्हणाले असते." ती चालू लागली. "आणि मी म्हटलं होतं ना, हे तुम्हाला जमायचं नाही म्हणून. माझं चुकलं."

"चुकलं कुठे? आठव्या दिवशी मी भर चर्चमध्ये सांगून टाकलं."

"सांगितलंत, पण कळलं कोणाला?" बायको म्हणाली. "काम अजून गुप्तच आहे की."

मिस्त्रींनी यावर घर येईपर्यंत विचार केला. त्यात त्यांना चूक सापडली नाही, आणि समाधानही म्हणावं तसं होईना.

सोमवारी सकाळी पाळकसाहेब भेटायला आले. त्यांनी बाकाचा विषय काढला नाही. बायकोने केलेला चहा घेतला, लाकडाच्या वासाचं कौतुक केलं आणि मग हलक्या आवाजात विचारलं, "मिस्त्री, थोडी प्रार्थना करू या का?"

मिस्त्रींना सगळं कळलं. आत, फळीवर, बाकाच्या पायाचा कापून काढलेला कुजका तुकडा पडला होता. तो आणून समोर ठेवला असता, तर पाळकसाहेबांनाच मिस्त्रींची क्षमा मागावी लागली असती. मिस्त्रींनी आतल्या दाराकडे एकदा बघितलं. मग डोळे मिटले.

पाळकसाहेबांनी मन लावून प्रार्थना केली. दुसऱ्याचं कौतुक ऐकताना मन आंबट होऊ नये. चार जणांनी वाहवा म्हटलं नाही तरी हाताने काम करत राहावं. ज्याच्याबद्दल वर्षानुवर्षं मनात अढी होती, त्याच्यातलं चांगलं दिसावं. मिस्त्री पहिल्या वाक्याला चिडले, दुसऱ्याला चुळबुळले आणि तिसऱ्याला गप्प झाले. प्रार्थनेत हरकत घ्यावी असा एकही शब्द त्यांना सापडेना. माहिती तेवढी साफ चुकीची होती.

"आमेन," ते म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ते मनापासून म्हटलं गेलंय.

पाळकसाहेब जायला उठले. दारापाशी ते जरा घुटमळले. "एक विचारू? वाईट वाटून घेऊ नका. आमच्या घरातल्या कपाटाचं दार लागत नाही. कोणाला सांगावं कळत नाही. म्हणजे तुम्हालाच सांगायला हवं, पण समिती म्हणते, कंपाउंडरांनाच सांगा."

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितलं आणि परत ठेवली. कंपाउंडरांचा अंगठा, धुऊन पुसून मांडलेली हत्यारं आणि सरसाचे थेंब त्यांच्या डोळ्यांसमोर आले.

"त्यांनाच सांगा," ते म्हणाले. "दार कोणत्या लाकडाचं आहे तेवढं विचारून ठेवतो. म्हणजे, त्यांना निरोप द्यायला बरं."

"सागाचं आहे. तुम्हाला खरंच राग नाही ना?"

"छे हो," मिस्त्री म्हणाले. "कंपाउंडरांचा हातगुणच चांगला आहे."

आत स्वयंपाकघरात हसू आवरताना बायकोला जोराचा ठसका लागला, आणि पाळकसाहेबांनी काळजीने विचारलं, वहिनींना काही औषध देऊ या का?